क्रूझआधीचे पासपोर्ट : कोल्हापूरच्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्राचा अनुभव आणि कागदपत्रांची खबरदारी

सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझला जाण्याचे घरात ठरले तेव्हा आम्ही सर्वांत आधी कपाटातले पासपोर्ट बाहेर काढले आणि त्यांपैकी तीन नव्याने करून घेण्यासाठी रमणमळ्यातल्या मुख्य पोस्ट कार्यालयातील पासपोर्ट सेवा केंद्रात गेलो. त्या केंद्राची सेवा कशी वाटली, तिच्यावर कुठपर्यंत विसंबता येते आणि कोणत्या गोष्टी प्रवाशाने स्वतःच तपासायला हव्यात, हे क्रूझच्या दृष्टीने लिहावे असे वाटले. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागांतून आता बरीच कुटुंबे जहाजाच्या सहलींना जातात. जहाजावरच्या जेवणाबद्दल आणि खोल्यांबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलेले सापडते, पण जहाजात पाऊल ठेवण्याआधी ज्या कागदावर सगळे अवलंबून असते त्याबद्दल कुणी नीट सांगत नाही.

केंद्राचे सर्वांत मोठे मोल हे की ते कोल्हापुरात आहे. परराष्ट्र मंत्रालय आणि टपाल खाते यांनी मिळून जानेवारी २०१७ मध्ये पोस्टाच्या कार्यालयांत पासपोर्ट केंद्रे सुरू करण्यास प्रारंभ केला. त्याआधी आपल्याकडच्या माणसाला पासपोर्टसाठी पुण्याला मुंढव्याच्या केंद्रात जावे लागे. कोल्हापूर ते पुणे साधारण सव्वादोनशे किलोमीटर. म्हणजे पहाटेची गाडी, दिवसभराची रजा, आणि एखादा कागद कमी पडला तर पुन्हा तीच फेरी. वृद्ध माणसांना घेऊन हे करणे किती जिकिरीचे होते ते ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. आज तेच काम रिक्षाने जाऊन करता येते, आणि कागद राहिला तर घरचा कुणीतरी तासाभरात आणून देऊ शकतो. पासपोर्ट मंजूर करण्याचा अधिकार मात्र पुण्याच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाकडेच आहे. कोल्हापुरात कागद तपासले जातात, छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतले जातात, अर्ज संगणकावर चढतो. पुढचा निर्णय पुण्याला होतो. प्रवासाची तारीख धरताना एवढे ध्यानात ठेवावे.

आता मूळ मुद्दा मुदतीचा. पासपोर्टवर छापलेली अखेरची तारीख उलटलेली नाही, म्हणजे पासपोर्ट चालतो, असा सर्वसाधारण समज आहे आणि क्रूझच्या बाबतीत तोच सर्वाधिक घात करतो. सिंगापूर आणि मलेशिया यांसारखे देश पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी अशी अट घालतात, आणि बहुतेक क्रूझ कंपन्या हे सहा महिने सहल संपण्याच्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे हिशेब निघण्याच्या तारखेवरून न करता परतीच्या तारखेवरून करावा. हा हिशेब कागदावर लिहूनच करावा, कारण तोंडी मोजताना महिना इकडचा तिकडे सहज होतो.

आमच्या सासूबाईंच्या पासपोर्टची मुदत सहलीच्या दिवशी शिल्लक होती, पण परतल्यानंतर सहा महिने भरत नव्हते. शहरातल्या ज्या प्रवास कार्यालयाकडे आम्ही आधी चौकशी केली होती त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पासपोर्टच्या पहिल्या पानाचे छायाचित्र मागवले आणि लगेच कळवले, “काकू, मुदत आहे, काळजी करू नका, आगाऊ रक्कम भरून टाका.” त्या कार्यालयाचे नाव इथे लिहीत नाही, कारण अशी उत्तरे अनेक ठिकाणी मिळतात. आम्ही रक्कम भरली नाही, आधी पासपोर्ट करायला घेतला. असा पासपोर्ट घेऊन कुणी मुंबईच्या विमानतळावर पोहोचले, तर त्याला पहिल्यांदा विमान कंपनीचा खिडकीवरचा कर्मचारीच थांबवतो. सिंगापूरचा अधिकारी आणि जहाज ही फार पुढची गोष्ट. जहाज ठरल्या वेळेला सुटते आणि कागदपत्रे अपुरी असल्यामुळे प्रवेश नाकारला गेला तर भरलेले पैसे परत करण्याची बांधिलकी क्रूझ कंपन्या सहसा घेत नाहीत. कोल्हापूरकराच्या बाबतीत तर ही अडचण दुप्पट होते, कारण घर चारशे किलोमीटरवर मागे राहिलेले असते.

अर्जाची सुरुवात संकेतस्थळावर होते. सरकारी संकेतस्थळ एकच आहे, पासपोर्ट इंडिया डॉट जीओव्ही डॉट इन, आणि त्याच्या शेवटची ‘जीओव्ही डॉट इन’ ही अक्षरे पाहिल्याशिवाय कुठेही पैसे भरू नयेत. शोध घेतला की सरकारी वाटतील अशी नावे धारण केलेली बरीच खासगी पाने समोर येतात, ती जादा पैसे घेतात, आणि आपली सारी माहिती त्यांच्याकडे जाते ती वेगळीच. छत्तीस पानांच्या, दहा वर्षांच्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये आहे, साठ पानांच्या पासपोर्टचे २,००० रुपये, आणि तत्काळ हवा असेल तर त्यावर आणखी २,००० रुपये. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून पासपोर्ट पुन्हा काढून घेता येतो, हे अनेकांना माहीत नसते. ज्यांना दोनतीन वर्षांतून एकदा तरी परदेशी जायचे असते त्यांनी या सवलतीचा फायदा घेऊन शेवटचे वर्ष सुरू झाले की अर्ज करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तत्काळवर भिस्त ठेवून तिकिटे काढणे मला योग्य वाटत नाही, कारण जादा शुल्क भरले तरी निर्णयाचा अधिकार पासपोर्ट कार्यालयाकडेच राहतो.

केंद्रातला अनुभव चांगला होता, आणि तो मी जरा सविस्तर सांगते, कारण वृद्ध माणसांना तिथे नेताना घरच्यांच्या मनात धास्ती असते. दिलेल्या वेळेला आम्हाला आत घेतले. सासूबाईंनी आयुष्यभर चुलीपाशी आणि पाट्यावरवंट्यावर काम केले आहे. त्यांच्या बोटांच्या रेषा इतक्या झिजल्या आहेत की रेशन दुकानातले यंत्रसुद्धा त्यांचा अंगठा पहिल्या फटक्यात घेत नाही. इथेही काचेवर बोटे ठेवली आणि पडद्यावर नुसते धुरकट डाग उमटले. खिडकीवरच्या ताईंनी एक ओलसर रुमाल पुढे केला आणि म्हणाल्या, “आजी, घाई नाही. बोटं पुसा, थोडी ऊब येऊ द्या, आणि हात सैल ठेवा, दाबू नका.” सासूबाई बोटे दाबून ठेवत होत्या, त्यामुळे ठसा पसरत होता. हात सैल सोडल्यावर रेषा दिसू लागल्या. मागे रांग असताना एका वृद्ध बाईला एवढी सवड देणे ही छोटी गोष्ट नाही.

छायाचित्र तिथेच काढतात, त्यामुळे चार वर्षांहून मोठ्या माणसाने स्टुडिओतून छायाचित्र काढून नेण्याची गरज नाही. त्याहून लहान मुलांचे मात्र पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे छायाचित्र न्यावे लागते. मूळ कागद पाहून परत देतात. त्यानंतर सर्वांत महत्त्वाचा क्षण येतो तो अर्जातली माहिती पडद्यावर दाखवण्याचा. कर्मचारी आपल्याला ती वाचायला सांगतात आणि आपण होकार दिला की तीच पुढे छापली जाते. इथे चष्मा लावून, एकेक अक्षर बोट ठेवून वाचावे. सासूबाईंच्या शाळेच्या दाखल्यावर नावापुढे ‘बाई’ आहे, आधारवर नाही, आणि जुन्या पासपोर्टवर ‘बाई’ नावालाच जोडून लिहिलेले. आपल्या भागात हा प्रश्न घरोघरी आहे. पुरुषांच्या नावापुढे ‘राव’ कुठे असतो, कुठे नसतो. घरात आणि गावात ‘बाळासाहेब’ म्हणून ओळखला जाणारा माणूस कागदावर भलत्याच नावाचा असतो. लग्नानंतर बदललेले नाव आधारवर आलेले असते आणि पॅन कार्डावर माहेरचेच राहिलेले असते. मराठीत वाचताना आपल्याला हे सगळे एकच माणूस वाटतो. इंग्रजी अक्षरे जुळवणाऱ्या संगणकाला ती दोन माणसे वाटतात. आम्ही अर्ज करण्याआधी सासूबाईंचे आधार दुरुस्त करून घेतले होते, म्हणून केंद्रात प्रश्न उद्भवला नाही. तेव्हा नावातला फरक आधी आधार केंद्रात मिटवावा आणि मग पासपोर्टकडे वळावे, हा क्रम सांभाळणे सोयीचे.

माझ्या यजमानांच्या पासपोर्टची मुदत भरपूर शिल्लक होती, तरीही तो नव्याने करावा लागला, आणि त्याचे कारण कोल्हापुरातल्या अनेक घरांना लागू पडेल. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक हा सगळा भाग पाण्याखाली होता, आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेने पुन्हा तेच दिवस दाखवले. त्या पाण्यातून वाचवलेले कागद लोकांनी उन्हात वाळवले, इस्त्री केले आणि कपाटात परत ठेवले. यजमानांचा पासपोर्ट असाच वाळवलेला होता. वरवर पाहता तो ठीक दिसे. पण माहितीच्या पानावरचा पातळ पारदर्शक थर एका कोपऱ्यात सुटून फुगला होता, खालच्या दोन ओळींतली काही अक्षरे पुसट झाली होती आणि शिवणीपाशी पाने पिवळी पडून एकमेकांना चिकटत होती. त्या खालच्या दोन ओळी यंत्राने वाचायच्या असतात. विमानतळावर किंवा बंदरावर यंत्राने त्या वाचल्या नाहीत, किंवा थर सुटलेला पाहून अधिकाऱ्याला पानाशी छेडछाड झाल्याचा संशय आला, तर मुदत कितीही शिल्लक असली तरी प्रवास तिथेच थांबू शकतो. अशा पासपोर्टसाठी पुन्हा काढून घेण्याच्या अर्जात ‘खराब झालेला पासपोर्ट’ हे कारण निवडायचे असते. मुदत संपत आल्याचे कारण देऊन अर्ज रेटू नये, कारण खिडकीवर पासपोर्ट हातात घेतल्याबरोबर खरे ते दिसतेच. आम्ही खरे कारण लिहिले आणि पूर कसा आला ते नीट सांगितले. तिथल्या कर्मचाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतले. ज्यांच्या घरात २०१९ किंवा २०२१ चे पाणी शिरले होते त्यांनी पासपोर्ट उजेडात धरून माहितीचे पान एकदा तिरके करून पाहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तिसरा पासपोर्ट माझ्या पुतणीचा. दीर आणि जाऊबाईंना रजा नव्हती, म्हणून ती आमच्याबरोबर येणार होती. अठरा वर्षांखालील मुलांचा पासपोर्ट साधारणपणे पाच वर्षांचाच असतो, किंवा मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल ते. आणि घरातल्या मोठ्यांचे दहा वर्षांचे पासपोर्ट डोक्यात असल्यामुळे मुलांची मुदत कधी संपली ते कळतही नाही. मुलांच्या अर्जाचे शुल्क १,००० रुपये आहे. अर्जासोबत आईवडील दोघांच्या सहीचे ठरावीक नमुन्यातले घोषणापत्र लागते, ज्याला परिशिष्ट ‘ड’ (इंग्रजीत ‘अ‍ॅनेक्शर डी’) म्हणतात, आणि आईवडिलांचे स्वतःचे पासपोर्ट असतील तर त्यांच्या प्रती जोडाव्या लागतात. दीर स्वतः पुतणीला घेऊन केंद्रात आले. काका-काकूंनी मुलाला नेऊन हे काम सहसा होत नाही. आणखी एक गोष्ट नव्या पालकांसाठी: १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्माचा दाखला धरला जातो, त्यामुळे महापालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून तो आधी हातात घ्यावा, आणि त्यावर बाळाचे नाव चढलेले आहे ना ते पाहावे.

पासपोर्ट झाला तरी पुतणीची कागदपत्रे पूर्ण झाली नव्हती. आईवडिलांशिवाय प्रवास करणाऱ्या मुलासाठी क्रूझ कंपन्या पालकांचे संमतिपत्र मागतात. त्यात मूल कुणाबरोबर, कोणत्या तारखांना, कोणत्या जहाजाने जात आहे आणि गरज पडल्यास वैद्यकीय उपचारांना संमती कोण देईल, हे स्पष्ट असावे लागते. आम्ही ते इंग्रजीत करून नोटरीसमोर सह्या घेतल्या, सोबत आईवडिलांच्या पासपोर्टच्या प्रती आणि पुतणीचा जन्माचा दाखला ठेवला. आजी-आजोबांबरोबर नातवंडांना पाठवण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. आडनाव एकच आहे म्हणजे नाते सिद्ध झाले, असे बंदरावर कुणी मानत नाही.

माझा स्वतःचा पासपोर्ट मुदतीत होता आणि सुस्थितीतही होता. तिथे अडचण निघाली ती आरक्षणाच्या मसुद्यात. पासपोर्टवर दोन रकाने असतात, एक आडनावाचा आणि एक दिलेल्या नावाचा (इंग्रजीत ‘गिव्हन नेम’). आपण महाराष्ट्रातले लोक दिलेल्या नावाच्या रकान्यात स्वतःच्या नावापुढे पतीचे किंवा वडिलांचे नाव लिहितो. प्रवास कार्यालयाने मसुद्यात नुसते माझे नाव आणि आडनाव घातले होते, मधले नाव गाळले होते, आणि यजमानांच्या बाबतीत मधले नावच आडनावाच्या जागी गेले होते. मसुदा पक्का होण्याआधी मी तो वाचून दुरुस्त करून घेतला. विमानाचे तिकीट, क्रूझचे आरक्षण, व्हिसा आणि विमा या चारही ठिकाणी पासपोर्टच्या खालच्या दोन ओळींत जसे आहे तसेच नाव असावे. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा आहे आणि सगळे नाव एकाच रकान्यात आहे त्यांनी तर विशेष सावध राहावे, कारण संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टवर एकच शब्दाचे नाव असलेल्यांना पर्यटन व्हिसावर प्रवेश देणे बंद केले आहे.

पासपोर्ट नवा झाला की त्याचा क्रमांक बदलतो, आणि त्यातून कामांचा क्रम ठरतो. आधी पासपोर्ट, मग व्हिसा, मग क्रूझच्या संकेतस्थळावरची नोंदणी. सिंगापूरचा व्हिसा भारतीयांना अधिकृत एजंटांमार्फत मिळतो, तो कागदावर किंवा फोनवर असतो आणि पासपोर्टच्या क्रमांकाला जोडलेला असतो. जुन्या क्रमांकावर काढलेला व्हिसा घेऊन नव्या पासपोर्टने जाता येत नाही. अमेरिकेचा पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा मात्र मुदतीत आणि सुस्थितीत असेल तर जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवून चालतो. म्हणून रद्द केलेला जुना पासपोर्ट परत मिळाल्यावर तो अडगळीत टाकू नये.

व्हिसाबद्दल एक मुद्दा असा आहे की जो फक्त जहाजाच्या सहलीतच उद्भवतो आणि म्हणूनच निसटतो. सिंगापूरहून जहाज निघते, पोर्ट क्लँग किंवा पेनांगला मलेशियात थांबते, फुकेतला थायलंडमध्ये थांबते आणि पुन्हा सिंगापूरला येते. विमानाने उतरून जहाजावर चढण्याआधी आपण सिंगापुरात एकदा प्रवेश केलेला असतो, जहाज परतल्यावर दुसऱ्यांदा प्रवेश करायचा असतो. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर परतीची वाट बंद होते. मलेशियाने भारतीयांना ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत व्हिसातून सूट दिलेली आहे, पण त्या सवलतीचा सिंगापूरच्या दुसऱ्या प्रवेशाशी काही संबंध नाही. हेच युरोपात होते: ग्रीसच्या बेटांवरून जहाज तुर्कीतल्या कुशादासीला गेले की ते शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर जाते आणि परतताना प्रवेश नव्याने मोजला जातो. दुबईहून मस्कतला जाऊन येणाऱ्या सहलींनाही हाच विचार लागू आहे. सहलीचा नकाशा समोर ठेवून कोणत्या देशात किती वेळा पाऊल पडते ते मोजावे आणि व्हिसावर अनेक प्रवेशांची नोंद आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे.

अमेरिकेत मुले-मुली असलेल्या घरांसाठी एक वेगळी सूचना करते. तिकडचे नातलग प्रेमाने सांगतात की मेक्सिकोच्या क्रूझला पासपोर्ट लागत नाही, जन्माचा दाखला आणि एखादे ओळखपत्र पुरते. त्यांचे म्हणणे खरे आहे, पण ते अमेरिकी नागरिकांपुरते, आणि तेही एकाच अमेरिकी बंदरातून निघून त्याच बंदरात परतणाऱ्या सहलींपुरते. टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनहून कोझुमेलला जाऊन परत येणाऱ्या जहाजावर मुलगा अमेरिकी नागरिक म्हणून जन्माच्या किंवा नागरिकत्वाच्या अमेरिकी दाखल्यावर आणि ओळखपत्रावर जाऊ शकेल. त्याच खोलीत राहणाऱ्या त्याच्या कोल्हापूरच्या आईवडिलांना मात्र भारतीय पासपोर्ट आणि अनेक प्रवेशांचा, मुदतीतला अमेरिकी व्हिसा लागतोच. मेक्सिकोत उतरण्यासाठी त्यांना तो अमेरिकी व्हिसा पुरतो. एकाच कुटुंबातल्या माणसांना नियम निरनिराळे असतात, हे अशा वेळी शांतपणे समजून घ्यावे.

देशांतर्गत क्रूझ, म्हणजे मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपकडे जाणाऱ्या सहली, यांना पासपोर्टची सक्ती नसते आणि आधार, मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवाना चालतो. तरीही ‘आपल्याच देशात तर जायचंय’ म्हणून जी बेफिकिरी येते ती बरी नाही. आमच्या शेजारचे एक कुटुंब महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरले, तिथून जवळच असलेल्या बॅलार्ड पिअरच्या क्रूझ धक्क्यावर गेले, आणि आजोबांच्या आधारची काळी-पांढरी झेरॉक्स तिथे स्वीकारली गेली नाही. मूळ कार्ड कोल्हापुरात देवघराच्या कपाटात होते. मूळ कार्ड सोबत असावे, त्यावरचा चेहरा ओळखू येण्याजोगा असावा, आणि पाच वर्षांखालच्या वयात काढलेले निळे बाल आधार असेल तर मुलाच्या पाचव्या वर्षानंतर ठसे देऊन ते अद्ययावत केलेले असावे. पॅन कार्डावर पत्ता नसतो, त्यामुळे त्याच्या भरवशावर घर सोडू नये. लक्षद्वीपला उतरण्यासाठी तर बाहेरच्या भारतीयालाही १९६७ च्या नियमांनुसार प्रवेश परवाना लागतो. क्रूझ कंपन्या बहुधा तो काढून देतात, पण त्यासाठी ओळखपत्राची माहिती आधीच मागवतात. ती पाठवताना दिलेले ओळखपत्र आणि प्रवासात नेलेले ओळखपत्र एकच असावे.

शेवटच्या आठवड्यात ऑनलाइन आगमनपत्रे, म्हणजे त्या त्या देशात पोहोचण्याआधी द्यायची प्रवाशाची माहिती (‘अरायव्हल कार्ड’), भरायची असतात. सिंगापूरचे आगमनपत्र पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचे असते. थायलंडने १ मे २०२५ पासून डिजिटल आगमनपत्र सुरू केले आहे आणि मलेशियाचेही तसेच पत्र आहे. क्रूझवाल्यांना यांतली कोणती पत्रे भरावी लागतील हे कंपनी कळवते, तिला लेखी विचारून घ्यावे. सरकारी संकेतस्थळावर ही पत्रे विनामूल्य आहेत. पैसे मागणारे पान दिसले की ते बंद करावे.

जहाजावर चढताना आमचे पासपोर्ट जमा करून घेतले आणि सहल संपताना परत दिले. काही मार्गांवर ही पद्धत असते, तिची भीती वाटून घेण्याचे कारण नाही. पण अशा वेळी प्रत्येकाच्या खिशात पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची प्रत असली की बंदरावर फिरताना मन निश्चिंत राहते. सासूबाईंनी ती प्रत औषधांच्या पिशवीत ठेवली होती आणि प्रत्येक बंदराला उतरताना आधी तीच चाचपून पाहत.

आता केंद्राबद्दलचा माझा अभिप्राय. कर्मचाऱ्यांची वागणूक, वेळेचे पालन आणि वृद्धांशी बोलण्याची पद्धत या तिन्ही बाबतींत मी कोल्हापूरच्या पासपोर्ट सेवा केंद्राला पूर्ण गुण देते. आमचे अर्ज पुण्याहून मंजूर झाले, जिथे पोलीस पडताळणी लागली तिथे आमच्या भागातल्या पोलीस ठाण्याने घरी येऊन ती केली आणि पासपोर्ट स्पीड पोस्टाने घरपोच आले. नव्या पासपोर्टच्या मुखपृष्ठावर चिपचे छोटे सोनेरी चिन्ह आहे, म्हणजे हे ई-पासपोर्ट आहेत. त्यांना वाकवू नये आणि लॅमिनेशन करण्याच्या भानगडीत तर पडूच नये. तुमच्या क्रूझला किती मुदत हवी, व्हिसा किती प्रवेशांचा हवा, मुलाला संमतिपत्र लागेल का, या गोष्टी सांगणे हे केंद्राचे काम नाही आणि त्यांना ते विचारून रांग अडवू नये. ते काम पैसे घेणाऱ्या प्रवास कार्यालयांचे आहे, आणि कोल्हापुरातल्या प्रवास कार्यालयांनी आगाऊ रक्कम स्वीकारण्याआधी प्रत्येक प्रवाशाचा पासपोर्ट प्रत्यक्ष हातात घेऊन मुदत, नाव आणि पानांची अवस्था तपासून त्याची लेखी नोंद द्यावी, अशी माझी अपेक्षा आहे. आम्ही ज्यांच्याकडे अखेरीस आरक्षण केले त्यांनी अशी नोंद मागितल्यावर दिली. मागितल्याशिवाय दिली नाही, म्हणून तुम्ही मागा.

केंद्रात जाताना अर्जाच्या क्रमांकाची पावती, जुना पासपोर्ट, आधार आणि पत्त्याचा पुरावा यांच्या मूळ प्रतींसह प्रत्येकी एक झेरॉक्स न्यावी, वृद्धांना सकाळची वेळ घ्यावी, आणि मुलांच्या परिशिष्टावर दोन्ही सह्या घरूनच करून न्याव्यात.